बेटावरचा चौका



यंदा जुलैत आम्ही घरची सहा माणसं फिजीच्या एका लहानशा बेटावर तीन रात्री राहायला जाणार आहोत. संत्र्याच्या कलमांच्या गावातली बाई पॅसिफिक महासागरात कुठे निघाली, असं तुम्ही म्हणाल. बेट शोधलं ते धाकट्या मुलाने. तो, सूनबाई आणि दोन लेकरं ऑकलंडला असतात. तिथून फिजीचं नांदी विमानतळ तीन तासांवर आहे. आपण उठून मुक्तागिरीला जातो तसे तिकडचे लोक सुट्टीत फिजीला जातात.

फिजीत ३०० हून जास्त बेटं आहेत आणि त्यातल्या शंभरेक बेटांवरच वस्ती आहे. मोठ्या बेटावर मोठमोठी हॉटेलं आहेत. तिथे भारतीय जेवणाची ददात नाही, कारण १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी साठ हजार भारतीय मजूर करारावर तिथे नेले. त्या कराराला ते ‘गिरमिट’ म्हणायचे. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे शेती करतात, दुकानं चालवतात, घरात हिंदी बोलतात. पण मुलाला हॉटेलात जायचं नव्हतं. मोठ्या बेटाच्या वायव्येला यासावा नावाची बेटांची रांग आहे. तिथल्या एका गावात, मूळ फिजीवासी कुटुंबाच्या घरी राहायचं, असा त्याचा बेत. लेकरांनी माणसं कशी राहतात ते पाहावं, एवढंच त्याचं म्हणणं.

हे ऐकल्याबरोबर आमच्या घरी जे झालं ते तुमच्याही घरी झालं असतं. हे म्हणाले, “कायले जाता एवढ्या दूर? मासोळ्या पाहायले?” जाऊबाई म्हणाल्या, “तिथं तं सारे कंदमूळच खातेत म्हणे!”

जाऊबाईंचं काही खोटं नाही. त्या बेटांवर धान्य पिकत नाही. रोजचं जेवण म्हणजे डालो, ताविओका आणि कुमाला. डालो म्हणजे अळकुडीचा मोठा भाऊ. कुमाला म्हणजे रताळं. ताविओका म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो ते मूळ. तिन्ही जमिनीखालचे. त्यांच्यासोबत मासे आणि नारळाचं दूध. सणाच्या दिवशी जमिनीत खड्डा करून, दगड तापवून, पानांत गुंडाळलेले कंद, मासे, मांस सगळं एकत्र त्यात ठेवतात, वरून माती लोटतात. त्याला लोवो म्हणतात. म्हणजे आपल्या घरात जे जे वर्ज्य, ते एकाच खड्ड्यात.

तरीही मी हो म्हटलं. का, ते सांगते.

मागच्या खेपेला ऑकलंडला तीन महिने होतो. तेव्हा मुलगा-सुनेने दोनदा बाहेरगावी जायचा बेत केला आणि दोन्ही वेळा “आईचं जेवणाचं कसं होईल” म्हणून मोडला. कोणी तोंडातून एक शब्द वावगा काढला नाही. पण अकरा वर्षांचा नातू खिडकीत बसून शेजारच्यांच्या गाडीवर सामान बांधताना बघत होता. नियम म्हणजे घरात बसून राहणं, असं लेकराच्या मनात एकदा बसलं की ते पुढे नियमाजवळ येत नाही. आपल्यातल्या किती घरांत हे होत आलं आहे, तुम्हीच आठवून पाहा. परदेशातली मुलं आपल्याला बोलावतात, आपण जातो, आणि सगळं घर आपल्या ताटाभोवती फिरायला लागतं.

मी बी.कॉम. झालेली. चाळीस वर्षं नर्सरीची वही मीच लिहिते. त्यामुळे कोणताही प्रश्न आला की माझा हात आधी जमा-नावेचं पान आखायला जातो. या वेळीही आखलं. आपल्या नियमामुळे यजमानाला काय काय करावं लागेल ते एका बाजूला लिहिलं, आणि त्यांच्या नियमामुळे आपल्याला काय करावं लागेल ते दुसऱ्या बाजूला. ठरवलं एकच. नियम मी घेतला आहे, त्याचा खर्च माझ्या खात्यातून गेला पाहिजे. तो यजमानाच्या नावे पडता कामा नये. हे जमत असेल तर जायचं, नाहीतर मुलाने लेकरांना घेऊन जावं आणि आम्ही दोघांनी नांदीच्या हॉटेलात थांबावं. रुसवा नाही, फुगवा नाही.

आधी तारखा. फिजीत नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ असतो, मे ते ऑक्टोबर कोरडा आणि सुखद. आपला चातुर्मास नेमका त्या चांगल्या महिन्यांत बसतो, आणि चातुर्मासात वरूड तालुक्याबाहेर जायचं नाही हे माझं देशव्रत गेली काही वर्षं आहे. लेकरांच्या शाळेला सुट्टी ४ ते १९ जुलै. दरवर्षी हे जुळलं नसतं. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे आषाढातली चतुर्दशी जुलैच्या अगदी शेवटी गेली आहे. म्हणजे बेटावरून येऊन, ऑकलंडहून निघून, वेळेत घरी पोचता येतं. राहिला प्रश्न यांचा. जुलै म्हणजे रोपं विकायचे दिवस. पाऊस लागला की कलमा न्यायला गाड्या दारात उभ्या राहतात. पण थोरल्याने सांगितलं, “बाबा, तुम्ही जा, मी पाहतो.” यांनी चार दिवस विचार केला आणि मग काही न बोलता पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

बेटावर जायचं ते सोमवारी, ६ जुलैला. यालाही कारण आहे. गावातले लोक ख्रिस्ती आहेत आणि रविवार फार कडक पाळतात. त्या दिवशी चर्च, कुटुंब आणि विसावा. पाहुण्यांनीही पाण्यात उड्या मारू नयेत, आरडाओरडा करू नये. आपल्या चतुर्दशीला कोणी दारात बँड लावला तर कसं वाटेल? म्हणून रविवारी नांदीत राहायचं, सोमवारी सकाळी बोट धरायची आणि गुरुवारी परत फिरायचं. बोट पोर्ट डेनाराऊ बंदरातून सुटते. ‘यासावा फ्लायर’ तिचं नाव. वाटेत एकेका बेटापाशी थांबत जाते, लांबच्या बेटांना चार-पाच तास लागतात. एसटीसारखंच, फक्त स्टँड नाही. गावची लहान होडी येऊन आपल्याला उतरवून घेते.

तीन रात्रीच का, असं सूनबाईने विचारलं. माझं उत्तर चौक्यातलं होतं. पिठाची मर्यादा आपल्याला पाठ आहे, हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. आता गंमत पाहा. जुलैत आपल्याकडे पावसाळा आणि फिजीत हिवाळा. मग कोणती मर्यादा धरायची? यांनी आणि मी यावर अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी मी म्हटलं, शंका असेल तिथे कमी ते धरावं. तीन दिवस. खरं तर मी पीठ नेणारच नाही. धान्याला ही अडचण नाही. तांदूळ, मुगाची डाळ, तूरडाळ नांदीच्या बाजारात मिळते, तूपही मिळतं. तिथेच घ्यायचं.

इथून नेण्याच्या सामानाचं सांगते, कारण बऱ्याच जणी विचारतील. न्यूझीलंड आणि फिजी दोन्ही ठिकाणी खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक आहे. बेटांवर बाहेरची कीड, रोग गेला तर सगळी शेती जाते. म्हणून ताजं फळ, बी-बियाणं, रोप काही न्यायचं नाही. यांना संत्र्याची दोन कलमं भेट म्हणून न्यायची फार इच्छा होती. मी म्हटलं, कलमाच्या मुळाशी कोणता रोग आहे ते तुम्हालाच आधी कळतं, मग त्यांच्या बेटावर कशाला? नर्सरीवाल्याला ते लगेच पटलं. जे काही खाण्याचं नेऊ ते अर्जावर लिहून दाखवायचं. लपवलेलं निघालं तर दंड होतो. मी फक्त तिखट, धने-जिरे पूड, हळद आणि तिळाची चटणी नेते आहे, तेही बंद पाकिटात, आणि सगळं लिहून.

कागदपत्रांचं एक सांगते. भारतीय पासपोर्टवर फिजीत फिरायला चार महिन्यांपर्यंत आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण आपण न्यूझीलंडहून जाऊन न्यूझीलंडलाच परतणार. तेव्हा न्यूझीलंडचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघून घ्या. आणि बेटावर मोठा दवाखाना नाही. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणार आहे.

आता यजमानाचं पान. सूनबाईने त्या घरच्या बाईंशी फोनवर सविस्तर बोलून घेतलं. मी तिला चारच मुद्दे लिहून दिले होते. एक, आमच्यासाठी वेगळं काही रांधू नका. तुमची चूल मोकळी असेल तेव्हा अर्धा तास द्या, भांडं, तांदूळ, डाळ आमचं. दोन, आम्ही सूर्यास्ताआधी जेवतो. तिथे जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाच वाजता आमचं आटोपेल. तीन, पाणी आम्ही गाळून, उकळून घेऊ. चार, मुक्कामात अष्टमी येते, त्या दिवशी आम्हा दोघांचं एकाशन आणि हिरवं बंद. तेव्हा पाहुणे उपाशी राहिले म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

त्यांचा निरोप आला तो वाचून मला बरं वाटलं. चूल सकाळी आठनंतर मोकळी असते. केळी, पपई, नारळ, लाल भोपळा हवा तेवढा आहे. बेले नावाची पालेभाजी परसात आहे. वरणाला त्याही ‘दाल’च म्हणतात आणि पोळीला ‘रोटी’. गिरमिटियांकडून हे शब्द त्यांच्याही घरात गेले आहेत. आणि त्यांनी उलट आपले नियम कळवले. बायकांनी खांदे आणि गुडघे झाकावेत, वरून सुलु गुंडाळावा. सुलु म्हणजे लुंगीसारखं वस्त्र. साडी असेल तर प्रश्नच नाही. गावात टोपी, डोक्यावर चढवलेला गॉगल चालत नाही. पिशवी खांद्याला न लावता हातात धरायची. घरात जाताना चपला बाहेर. बसलेल्या माणसांपुढून जाताना वाकून ‘तुलोउ’ म्हणायचं, म्हणजे क्षमा असावी.

मंदिराच्या पायरीवर चप्पल काढून डोक्यावर पदर घेणाऱ्या आपल्याला यात नवं काय? एकच गोष्ट मला जड जाणार आहे. त्यांच्याकडे कोणाच्या डोक्याला हात लावणं फार अपमानाचं. आपण तर लेकरू दिसलं की आधी डोक्यावरून हात फिरवतो. सात वर्षांच्या नातीने माझ्यावर लक्ष ठेवायचं काम घेतलं आहे.

खरी अडचण सेवुसेवुची. पाहुणा गावात आला की आधी मुखियाकडे जातो आणि यंगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवतो. मुखियाने ती स्वीकारली की पाहुणा गावचा झाला. मग त्या मुळ्या कुटून पाण्यात कालवतात आणि नारळाच्या करवंटीतून सगळ्यांना देतात. त्याने जीभ बधिर होते, अंग सैल पडतं. दारू नव्हे, पण शुद्धीवर परिणाम करणारं पेय आहेच. म्हणजे एकीकडे मूळ, दुसरीकडे नशा.

पिण्याचा प्रश्न सोपा आहे. हात जोडून नाही म्हणायचं. त्यांना ते चालतं, असं त्या बाईंनीच सांगितलं. देण्याचा प्रश्न सोपा नाही. आपण कृत, कारित, अनुमोदना तिन्ही मोजतो. मी स्वतः पीत नाही, पण पिण्याची वस्तू माझ्या हाताने देते, त्याचं काय? हे म्हणाले, वाळलेलं मूळ आहे, आपल्या घरात हळकुंड आणि सुंठ चालते ना. मुळापुरतं ते बरोबर आहे. नशेपुरतं नाही. मुलगा म्हणाला, “आई, ती जुडी म्हणजे त्यांच्या दाराची कडी वाजवणं आहे. कडी न वाजवता कोणाच्या घरात शिरायचं का?” त्याचंही बरोबर. शेवटी असं ठरलं. जुडी मुलगा आणेल, मुलगाच देईल. घरचा कर्ता म्हणून त्यांच्याकडे ते पुरुषाचंच काम असतं. मी मागे बसेन आणि सोबत आमच्याकडून गावच्या शाळेसाठी वह्या-पेन्सिली देईन. माझं मन यावर पुरतं शांत झालेलं नाही. घरी आल्यावर माताजींपुढे बसून विचारणार आहे आणि जे प्रायश्चित्त मिळेल ते घेणार आहे. तुमच्यापैकी कोणाचा यावर अभ्यास असेल तर मला जरूर कळवा.

पाण्याचं थोडं सांगते. यासावाची बेटं कोरडी आहेत. पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात आणि कोरड्या महिन्यांत ते जपून वापरतात. आपल्या तालुक्यात बोअर कुठे चालल्या आहेत ते आपण जाणतोच, तेव्हा मला कोणी पाण्याची किंमत सांगायला नको. आम्हा सहा जणांना अंघोळीला माणशी एक बादली. कपडे तिथे धुवायचे नाहीत. गाळणं नेते आहे, त्याची जीवाणी त्यांना विचारूनच त्या टाकीत परत सोडेन. आपल्या आज्या-पणज्या विहिरीवर कडीची बादली सोडायच्या, त्यांना टाकी बघून काय वाटलं असतं कोण जाणे.

हे सगळं जुळलं. जुळायचं आहे ते नातवाचं.

गावातली मुलं दोरी टाकून मासे धरतात आणि पाहुण्यांच्या मुलांनाही होडीत घेऊन जातात. हे नातवाला आधीच कळलं. तो मासे खात नाही, कधी खाल्लेले नाहीत. पण ऑकलंडच्या शाळेतले त्याचे सगळे मित्र वडिलांबरोबर गळ टाकायला जातात. त्याने मला फोनवर विचारलं, “आजी, मी धरून लगेच सोडून दिला तर?” मी विचारलं, गळ त्याच्या तोंडात गेला की सोडून दिल्यावर निघतो का? तो गप्प झाला. मग म्हणाला, “ते लोक रोज धरतात, म्हणजे ते वाईट आहेत का?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. “हो” म्हटलं तर आपण ज्यांच्या चटईवर झोपणार त्यांच्याबद्दल लेकराच्या मनात विष कालवलं. “नाही, सगळं सारखंच” म्हटलं तर घरचा नियम पाण्यात गेला. मी त्याला सांगितलं, तिथे गहू-तूर पिकत नाही, समुद्रच त्यांचं शेत आहे आणि त्यांनी आपला नियम घेतलेला नाही. न घेतलेल्या नियमाचा हिशोब त्यांच्याकडे मागायचा नाही. पण तू घेतला आहेस. आणि त्यांच्याकडेही सोडण्याची रीत आहे, तीही सांगितली. त्यांचा मोठा सरदार वारला की गावाच्या समुद्राचा एक भाग शंभर रात्री बंद ठेवतात. त्याला ‘तांबू’ म्हणतात. तिथे कोणी जाळं टाकत नाही. आता मासे वाढावेत म्हणून कितीतरी गावांनी वर्षानुवर्षं असे भाग राखून ठेवले आहेत. ज्याच्या पोटाला समुद्र लागतो त्याने समुद्राला हात लावायचा नाही, हा त्याग लहान नाही. आपल्याला भाजीवाला दारात येतो, तेव्हा बटाटा सोडणं त्यापुढे सोपंच.

मुलाने त्याला डोळ्यांवर काच लावून पाण्यात मासे बघायला नेण्याचं कबूल केलं आहे. पोवळ्यांवर पाय द्यायचा नाही, जिवंत शिंपला उचलायचा नाही, एवढी अट. मी सक्ती केलेली नाही. होडीत जायचं की नाही ते त्याने तिथे ठरवावं, असं म्हटलं आहे. आमच्या यांना हे फारसं आवडलं नाही. पण अकराव्या वर्षी आजीच्या धाकाने पाळलेला नियम एकविसाव्या वर्षी टिकत नाही, हे आपण आपल्याच घरांत पाहिलं आहे. त्याने अजून काही सांगितलेलं नाही.

त्या घरच्या बाईंनी शेवटी एक विचारलं होतं. रात्री त्यांचं जेवण होतं तेव्हा आम्ही सोबत बसू का? त्यांच्याकडे आधी पाहुणे जेवतात, मग घरचे, आणि जेवणाआधी सगळे मिळून प्रार्थना करतात. आमचं पाचलाच होणार. मी कळवलं, प्रार्थनेला आम्ही सहाही जण चटईवर बसू. ती झाली की ‘तुलोउ’ म्हणून मी बाहेर जाईन, माझी णमोकाराची माळ तेव्हाच असते. जेवणं आटोपली की परत येऊन बसेन आणि गाणी ऐकेन. त्यांचा निरोप आला, बाहेर आंब्याखाली बाक आहे, तिथे दिवा लावून ठेवू.

दिव्यावर किडे येतात, तेव्हा दिवा नको, चंद्र असेल तेवढा पुरे, एवढं सूनबाईने आज कळवायचं राहिलं आहे.